आजीव सभासदांचा वेळ

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना २४ ऑक्टोबर १८८४ रोजी झाली, आणि तिच्या संस्थापकांनी स्वतःवर जी बंधने घालून घेतली त्यांची नोंद महाराष्ट्राने आजवर आदरानेच घेतलेली आहे. आजीव सभासदाने वीस वर्षे संस्थेची सेवा करावी, निर्वाहापुरते वेतन घ्यावे, ज्येष्ठ-कनिष्ठ असा भेद न करता सर्वांचे वेतन सारखे असावे, आणि संस्थेचा कारभार बाहेरच्या धनिकांच्या हाती न जाता या सेवकांच्याच हाती राहावा, अशी ती व्यवस्था होती. वेतनाचा जो आकडा पुढे रूढ झाला तो दरमहा ७५ रुपयांचा. याप्रमाणे मुदत ठरली, तनखा ठरला, कारभाराची मुखत्यारीही ठरली. शाळा सुटल्यानंतरचा सभासदाचा वेळ कोणाचा, सुटीच्या दिवसांवर हक्क कोणाचा, आणि वर्गात शिकवून घरी परतलेल्या मनुष्याने रात्री ग्रंथ लिहिला, वर्तमानपत्र चालविले किंवा एखाद्या सभेची चिटणिशी पत्करली तर तो संस्थेचा अपराधी होतो की नाही, यांविषयी मात्र सर्वांना बांधून घेणारा असा निर्णय आरंभी झाला नाही. पुण्यातील विद्वानांच्या त्या पहिल्या पिढीने पैशाच्या त्यागाची सीमा पै-आण्यापर्यंत आखली आणि श्रमाच्या त्यागाला सीमाच ठेवली नाही. पुढे जे कलह झाले आणि जी माणसे अकाली गेली, त्यांचा वृत्तांत या उणिवेकडे लक्ष ठेवून वाचला म्हणजे त्यातील पुष्कळ गोष्टी निराळ्या दिसू लागतात.

अध्ययन-अध्यापनाला मर्यादा असावी ही कल्पना आमच्याकडे नवी नव्हती. जुन्या पाठशाळांत अनध्याय पाळला जाई. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या तिथींना पाठ बंद असे, आणि याखेरीज मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनध्यायाची जी निमित्ते सांगितली आहेत त्यांत मेघगर्जना, धुळीचे वादळ, कोल्ह्यांचे ओरडणे आणि गावात प्रेत पडलेले असणे अशा गोष्टींचाही समावेश आहे. श्रावणातील उपाकर्माने वेदाध्ययनाचे सत्र सुरू करावे आणि साडेचार महिन्यांनी उत्सर्जनविधी करून ते थांबवावे, असाही दंडक होता. या विधानांमागे धार्मिक भय किती आणि व्यवहार किती, हा वाद बाजूला ठेवला तरी परिणाम एवढाच की गुरूला आणि शिष्याला थांबण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नसे. पंचांग त्यांच्या वतीने ते काम करी. ही विद्या एका वर्गापुरती आणि पुरुषांपुरती कोंडलेली होती, आणि गुरुगृही शिष्याच्या शरीरकष्टांना मोजमाप नसे, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली, तिचेच पुढे रूपांतर होत होत डेक्कन कॉलेज झाले आणि १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांनी सगळे वर्ष व्यापून टाकले, तेव्हा तिथींची जागा घड्याळाने घेतली खरी, आणि अनध्यायाची जागा मात्र रिकामीच राहिली.

सरकारी महाविद्यालयांतील अध्यापकाला याची झळ तितकी लागत नसे. त्याचा करार सरकारशी होता. वेळापत्रक, रजेचे नियम, उन्हाळ्याची दीर्घ सुटी आणि निवृत्तिवेतन या सर्वांची तरतूद दफ्तरात लिहिलेली होती, आणि इंग्रज प्राध्यापकाचा पगार तर देशी शिक्षकाला स्वप्नातही दिसू नये असा होता. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले ते या राज्यकर्त्यांच्या व्यवस्थेला उत्तर म्हणून. रत्नागिरीच्या सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा देऊन आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, त्यांना येऊन मिळालेले बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी, लवकरच आलेले वामन शिवराम आपटे आणि एम. ए. होऊन पुढच्या वर्षी दाखल झालेले गोपाळ गणेश आगरकर, ही मंडळी पंचविशीच्या आगेमागची होती. विष्णुशास्त्री त्यांत वडील म्हणावेत तर तेही तिशीच्या आतले. देशाला जागे करावयाचे तर स्वस्त आणि स्वतंत्र शिक्षण दिले पाहिजे, ते देणाऱ्याने द्रव्याची आशा सोडली पाहिजे, आणि हे काम आपल्या हयातीतच झाले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. यांपैकी शेवटची गोष्ट त्यांनी कोणत्याही मसुद्यात लिहिली नाही, पण त्यांच्या आयुष्यक्रमावर तिचा ठसा सर्वांत खोल उमटला.

विष्णुशास्त्र्यांचेच पाहा. सात वर्षे एकहाती चालविलेली निबंधमाला ८४ अंकांनी संपविण्याच्या सुमारास त्यांच्यामागे नवी शाळा, १८८१ च्या जानेवारीत सुरू झालेली केसरी आणि मराठा ही दोन पत्रे, आर्यभूषण छापखाना आणि चित्रशाळा एवढा पसारा लागला होता, आणि १७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याच्या आतच, ते निवर्तले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले. राहिलेल्यांनी शाळा चालू ठेवली. सुटून आलेले पुन्हा वर्गावर उभे राहिले.

आपट्यांच्या श्रमांची कल्पना आजच्या वाचकाला येणे कठीण आहे, कारण त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आपण मांडणीवरून काढतो, हवा तो शब्द पाहतो आणि परत ठेवतो. शाळेचे सुपरिंटेंडेंट आणि १८८५ पासून फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य या नात्याने प्रवेश, हजेऱ्या, परीक्षा, तक्रारी, सरकारी पत्रव्यवहार आणि शिवाय प्रत्यक्ष अध्यापन हे सर्व सांभाळून या गृहस्थाने १८८१ मध्ये संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक, १८८४ मध्ये इंग्रजी-संस्कृत कोश आणि १८९० मध्ये तो मोठा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. कोशाचे काम म्हणजे काय, तर काव्ये, नाटके, शास्त्रग्रंथ अनुक्रमाने वाचीत जावे, प्रत्येक शब्दाचा प्रत्येक निराळा अर्थ टिपावा, त्याला त्या त्या कवीच्या वचनाचा आधार शोधून स्थलनिर्देशासह जोडावा, ही हजारो टिपणे वर्णानुक्रमाने लावावीत, आणि छापखान्यातून देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांची गुंतागुंत घेऊन आलेली मुद्रिते एकेक काना-मात्रा पारखून तपासावीत. यातील एकही काम वर्गात शिकविता शिकविता होत नाही. ते पहाटे होते, रात्री होते आणि सुटीत होते. कोश बाहेर पडल्यानंतर दोन वर्षांनी, १८९२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी आपटे वारले.

आगरकरांची कथा महाराष्ट्राला अधिक परिचित आहे. एम. ए. चा अभ्यास चालू असताना त्यांनी आईला लिहिलेल्या पत्राची आठवण पुष्कळांना असेल. मुलगा मोठ्या पगाराचा अधिकारी होईल ही आशा तिने ठेवू नये, थोडक्यात भागवून आपला सगळा वेळ तो लोकांच्या कामी लावणार आहे, असा त्याचा भावार्थ आहे. पैशाचा विचार तेथे निर्वाहाच्या मर्यादेने बांधलेला आहे आणि वेळाचा मात्र सर्वस्वदानाने सोडून दिलेला आहे, हे पुढच्या घटना माहीत असलेल्या वाचकाच्या मनाला लागल्यावाचून राहत नाही. इतिहास आणि तर्कशास्त्र शिकवावे, १८८७ पर्यंत केसरीचे संपादन करावे, हॅम्लेटचे भाषांतर करावे, वाक्यमीमांसेवर ग्रंथ रचावा, टिळकांशी मतभेद विकोपाला गेल्यावर १८८८ मध्ये सुधारक काढून दर आठवड्याला रूढीशी झुंजावे, आणि हे सर्व दम्याने पोखरलेल्या छातीने करावे, असा त्यांचा दिनक्रम होता. १८९२ मध्ये आपट्यांच्या जागी ते प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, गेले. अंत्यविधीच्या खर्चापुरती रक्कम त्यांनी पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवली होती, अशी आठवण सांगतात. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी ज्या घराचा खर्च चालविला त्या घराने हा त्याग आगरकरांच्या बरोबरीने केला. संस्थेच्या कोणत्याही करारावर मात्र यशोदाबाईंची सही नव्हती. त्याच १८९५ मध्ये इंग्रजीचे प्राध्यापक आणि ‘त्राटिका’ नाटकाचे कर्ते वासुदेव बाळकृष्ण केळकर पस्तिशीच्या आसपास वारले, आणि १८९६ मध्ये नामजोशी पंचेचाळिशी गाठण्यापूर्वी.

हे सर्व मृत्यू अतिश्रमानेच झाले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्या काळी ज्वर, क्षय, पटकी यांनी तरण्याताठ्या माणसांना नेणे ही नित्याची गोष्ट होती, आणि आगरकरांचा दमा शाळेने दिलेला नव्हता. तथापि न्यू इंग्लिश स्कूलच्या आरंभीच्या पाच प्रमुखांपैकी चौघे, पन्नाशी तर दूरच, पंचेचाळिशीही न पाहता गेले ही गोष्ट त्या काळच्या विचारवंतांनाही अस्वस्थ करीत होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९४ मध्ये मुंबईच्या पदवीधरांपुढे पदवीधरांच्या अकालमृत्यूविषयी निबंध वाचला. सुशिक्षित तरुण इतक्या लवकर का मरतात हा प्रश्न विधिलिखितावर न सोपविता रानड्यांनी तो विद्यापीठाच्या नोंदींवरून तपासावयास घेतला, आणि विद्यापीठीय शिक्षणाचा देहावर पडणारा भार हा सार्वजनिक विचाराचा विषय आहे असे मानले. विद्वानाची प्रकृती ही त्याची खासगी बाब आहे असे समजणाऱ्या समाजात हे पाऊल मोठे होते.

आता १८९० च्या वादाकडे वळतो. टिळक-आगरकरांच्या मतभेदांचे वर्णन सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, या एकाच मुद्द्याभोवती करण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे, आणि तो मुद्दा खराच होता. परंतु सोसायटीच्या चार भिंतींआड जो वाद पेटला तो पगाराचा, बाहेरच्या मिळकतीचा आणि वेळेचा होता. संसाराचा बोजा वाढलेल्या सभासदांना वेतनात थोडी वाढ हवी होती. टिळकांनी त्यास तत्त्व म्हणून विरोध केला. होळकर महाराजांकडून मिळालेल्या देणगीच्या विनियोगावरून कटुता वाढली. सभासदाने लिहिलेल्या पुस्तकाचे उत्पन्न त्याचे स्वतःचे की संस्थेचे, हा प्रश्न निघाला. आणि अखेर १८९० मध्ये तरुण आजीव सभासद गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेची चिटणिशी स्वीकारली तेव्हा टिळकांनी आक्षेप घेतला की जो मनुष्य संस्थेला वाहून घेतलेला आहे त्याने दुसऱ्या संस्थेचे जबाबदारीचे काम पत्करणे हा मूळ संकेताचा भंग आहे. ऑक्टोबरात त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात आपली बाजू सविस्तर मांडणारे दीर्घ निवेदन सादर केले. जेझुइट पंथाच्या धर्मोपदेशकांप्रमाणे निःशेष समर्पण हा आपल्या संस्थेचा पाया होता, सभासदाची सारी शक्ती आणि सारा वेळ संस्थेचा आहे, आणि प्रत्येकाने आपापली निराळी चूल मांडावयाची ठरविले तर ही संस्था इतर खासगी शाळांसारखी एक शाळा होऊन राहील, असा त्या निवेदनाचा आशय होता. उलट बाजूचे म्हणणे असे की, नेमलेले काम चोख करून उरलेल्या वेळात सभासदाने काय करावे हे विचारण्याचा हक्क संस्थेला नाही. आणि केसरी व मराठा चालविणाऱ्या टिळकांनी सुधारक चालविणाऱ्या आगरकरांस किंवा सभेचे काम पाहणाऱ्या गोखल्यांस हा प्रश्न करावा हे तर मुळीच शोभत नाही.

या वादाचा निवाडा देताना बहुतेक लेखकांनी आपापल्या राजकीय पक्षाप्रमाणे कौल दिला आहे. मला स्वतःला असे वाटते की टिळकांनी प्रश्न बरोबर ओळखला आणि उत्तर चुकीचे दिले. मनुष्याचा दिवस परिमित आहे, एका ठिकाणी दिलेला तास दुसऱ्या ठिकाणाहून काढून घ्यावा लागतो, आणि याविषयी आधी स्पष्ट ठराव झाला नाही तर सहकाऱ्यांत कलह होणारच, हे त्या मंडळींत टिळकांइतक्या स्वच्छपणे कोणीच पाहिले नव्हते. परंतु संपूर्ण वेळ संस्थेचा हे त्यांचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीलाही न मानवणारे होते; संस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांनी पत्रे चालविली, कायद्याचा वर्ग काढला, राष्ट्रीय सभेचे राजकारण केले आणि १८९३ मध्ये वेदकालनिर्णयावरील ‘ओरायन’ हा ग्रंथही प्रसिद्ध केला. आगरकर-गोखल्यांनी सभासदाच्या स्वातंत्र्याचा पक्ष घेतला हे योग्यच झाले. पण ज्या फुरसतीवर त्यांनी हक्क सांगितला तिचा उपयोग विसाव्यासाठी करावा असे त्यांच्याही मनात कधी आले नाही. सभासदाचा उरलेला वेळ कोणत्या कामाला द्यावा, यावर दोन्ही पक्ष भांडले. तो वेळ उरला पाहिजे, आणि त्यातला काही भाग कोणत्याच कामाचा असता कामा नये, असे म्हणणारा तिसरा पक्ष त्या सभेत नव्हता.

टिळक गेले आणि त्यांनी मोकळी केलेली गणिताची जागा भरण्याचा प्रश्न आला. गोखल्यांनी आपले कॉलेजमधील सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांना मुंबईहून बोलाविले, आणि १८९१ च्या अखेरीस कर्वे फर्ग्युसनमध्ये रुजू झाले. मुंबईत अनेक शाळांतील तास आणि पहाटेपासूनच्या शिकवण्या करून निर्वाह चालविणाऱ्या या मितभाषी गृहस्थाला श्रमाची सवय होतीच. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, आणि काही वर्षांनी आश्रम गावाबाहेर हिंगण्यास नेल्यावर महाविद्यालयाचे काम आटोपून चिखलातून किंवा धुळीतून, कधी आश्रमाचे सामान हाती घेऊन, ते पायी हिंगण्यास जात, संध्याकाळी तेथील मुलींना शिकवीत, आणि सकाळी पुन्हा पुण्यात येऊन गणिताच्या वर्गावर उभे राहत. टिळकांचा नियम अक्षरशः अमलात आला असता तर कर्व्यांना आश्रम आणि आजीव सभासदत्व यांपैकी एक निवडावे लागले असते. तो अमलात आला नाही, म्हणून १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवीत असताना त्यांनी ते काम वाढविले, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. सभासदाच्या खासगी वेळावर संस्थेने हात ठेवू नये याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही. कर्वे १०४ वर्षे जगले आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले. पण त्यांच्या दीर्घायुष्याचा दाखला देऊन अतिश्रमाचे समर्थन करणाऱ्यांनी आपट्यांचे आणि केळकरांचे वय त्याच्या शेजारी लिहून ठेवावे.

गोखले मात्र आगरकरांच्या वाटेने गेले. इंग्रजी वाङ्मय, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय रिकामा पडेल तो ते शिकवीत. याच्या जोडीला सभेचे त्रैमासिक, सुधारकाचा इंग्रजी भाग, कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव वर्गण्या गोळा करणे, १८९७ मध्ये विलायतेस जाऊन वेल्बी आयोगापुढे साक्ष देणे आणि १८९९ नंतर मुंबई कायदेमंडळाचे सभासदत्व, हे सर्व आजीव सभासदाचे कर्तव्य सांभाळून चालले होते. १९०२ मध्ये त्यांनी महाविद्यालयाचा निरोप घेतला तो विश्रांतीसाठी नव्हे. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन करून आजीव सेवेचे तेच व्रत राष्ट्रकार्याला लावले. मधुमेहाने खंगलेले गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले तेव्हा त्यांचे वय ४८ होते.

पुढच्या काळात ही पद्धत महाराष्ट्रभर पसरली. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी मानाच्या जागा सोडून त्याच ७५ रुपयांवर फर्ग्युसनमध्ये आले आणि विशी ओलांडून फार वर्षे झाली नव्हती तोच प्राचार्य झाले. पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीने आजीव सभासदांचा नमुना घेतला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून ज्या मुलांपर्यंत पुण्याची विद्या कधी पोहोचली नव्हती त्यांच्यापर्यंत ती नेली, आणि तेथेही आजीव सेवकांची परंपरा निर्माण झाली. या माणसांनी खेडोपाडी शाळा उभ्या केल्या, वसतिगृहांत मुलांबरोबर भाकरी खाल्ली आणि रात्री कंदिलाच्या उजेडात जमाखर्च लिहिला. त्यांच्यापुढे मान लवविल्याखेरीज मला पुढचे वाक्य लिहिता येत नाही.

ते वाक्य असे आहे की स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत आणि नोकरीची अट यांतील भेद पुढील पिढ्यांनी पुसून टाकला. आजीव सभासद संस्थेचा मालक होता. कामाचा बोजा वाढविण्याचा ठराव होई तेव्हा त्याचे स्वतःचे मत त्यात असे. अनुदान आले, विद्यापीठे वाढली, वेतनश्रेण्या आल्या, आणि अध्यापक हा नेमणुकीच्या हुकमावर आलेला नोकर झाला. कारभार निराळ्या माणसांच्या हाती गेला. परंतु रजा मागणाऱ्याला, रविवारच्या बैठकीस नाही म्हणणाऱ्याला किंवा रात्री आलेल्या निरोपाचे उत्तर सकाळी देणाऱ्याला आगरकरांचे उदाहरण ऐकविण्याची रीत तेवढी शिल्लक राहिली. मी ज्या महाविद्यालयात दीर्घकाळ शिकविले तेथे मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी दोन महिने अध्यापक रोज रात्रीपर्यंत फाइली लावीत बसत. सात वर्षांच्या कार्यक्रमांचे अहवाल, छायाचित्रे, सह्यांचे कागद, आभाराची पत्रे निकषाप्रमाणे वेगळी करून पाठीवर क्रमांक चिकटवीत. आणि तान्हे मूल घरी ठेवून आलेल्या एका सहकारी बाईंनी सात वाजता उठू का असे विचारले तेव्हा या भूमीतील त्यागाच्या परंपरेचे स्मरण त्यांना भरसभेत देण्यात आले. आपट्यांच्या रात्रींतून कोश निघाला. आमच्या रात्रींतून काय निघाले हे त्या महाविद्यालयाच्या कपाटांत आजही पाहता येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत अध्यापकाच्या कार्यभाराविषयी आकडे आहेत. वर्षात ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापनाचे दिवस, आठवड्याला ४० तासांहून कमी नाही इतके काम. त्यांपैकी साहाय्यक प्राध्यापकाने १६ आणि त्यावरच्या दोन्ही श्रेणींनी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे. आणि अध्यापक रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असावा. हे सर्व आकडे कामाच्या खालच्या हद्दीचे आहेत. वरची हद्द कोठे, संशोधन, प्रवेश, निवडणुकीची कामे, परीक्षा, समित्या आणि अहवाल यांची बेरीज कोणत्या आकड्यावर थांबावी, याचा उल्लेख त्यांत नाही. याच्या अगदी उलट स्थिती तासिका तत्त्वावर नेमलेल्या हजारो शिक्षकांची आहे. त्यांचे मानधन वर्गात घेतलेल्या तासावर ठरते. त्या तासाची तयारी, वह्यांची तपासणी, विद्यार्थ्यांच्या शंका आणि एका गावाहून दुसऱ्या गावी केलेला प्रवास हा वेळ हिशेबाच्या वहीत चढतच नाही. पूर्णवेळ माणसाचा वेळ मोजावयाचा नाही कारण तो सगळाच संस्थेचा, आणि तासिकेवरच्या माणसाचा फक्त घंटेपासून घंटेपर्यंत मोजावयाचा कारण बाकीचा त्याचा त्याने सोसावा: १८९० मध्ये अनिर्णीत राहिलेला प्रश्न अशा रीतीने दोन्ही बाजूंनी अध्यापकाच्याच अंगावर टाकून सोडविण्यात आला आहे.

ज्या संस्थाचालकांच्या सभागृहांत टिळक, आगरकर, गोखले यांची तैलचित्रे टांगलेली आहेत, आणि जे कुलगुरू व प्राचार्य सेवानियमांचे मसुदे करावयास बसतात, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी टिळकांचे १८९० चे निवेदन आणि त्याला मिळालेली उत्तरे ही कागदपत्रे एकदा मुळातून वाचावीत. त्यानंतर आपल्या नियमावलीत एक कलम घालावे: आठवड्याला अमुक तासांपलीकडे आणि दिवसाच्या अमुक वेळेनंतर अध्यापकाला संस्थेच्या कामासाठी बोलाविता येणार नाही, आणि तसे बोलाविल्यास नकार देणाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद होणार नाही. आकडा कोणता घालावा यावर वाद होऊ द्या, पण तो नियमपत्रात लिहा, आणि येत्या जूनमध्ये नवे सत्र सुरू होण्यापूर्वी लिहा.